आजच्या गडबडी आणि उद्याची पालखी

ए-३०२ (सचिव): सोसायटीचं रक्तदान शिबिर पार पडलं. गडबडी तीन. वीज दोनदा गेली, माईक शिट्ट्या मारत होता, तिसऱ्या पातेल्यातला चहा फाटला. उद्या सकाळी दोन्ही पालख्या हडपसरवरून जाणार, आपल्या गेटवर ३०० जणांच्या चहा-पोह्यांची सोय ठरली आहे. ज्याला ज्यातलं कळतं त्याने तेवढंच ग्रुपवर लिहा. हात जोडलेली चित्रं नकोत.

सी-६०४: वीज गेली नव्हती, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) पडला होता. क्लबहाऊसचे प्लग आणि एसी एकाच १६ अँपिअरच्या एमसीबीवर आहेत (बिल्डरची कृपा). चहाचा बॉयलर ३००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. दीड टनी एसी साधारण ७. झाले २०. भार एवढाच जास्त असला की एमसीबी लगेच पडत नाही, आतली पट्टी तापून वाकायला वेळ घेते. म्हणून बराच वेळ सगळं सुरळीत वाटतं आणि मग नेमकं गर्दीत जातं.

डी-२०१: मग ३२ चा एमसीबी टाकून घेऊ की. वायरमन अजून खालीच आहे.

सी-६०४: अजिबात नको. एमसीबी भिंतीतल्या वायरसाठी असतो, बॉयलरसाठी नाही. आत २.५ चौरस मिमीची वायर आहे. ३२ टाकलात तर एमसीबी शांत बसेल आणि वायर भाजेल. बॉयलर उद्या जनरेटर पॅनलजवळच्या वेगळ्या पॉवर सॉकेटवर लावा. केबलचा ड्रम पूर्ण उलगडा, अर्धा गुंडाळलेला ठेवला की आतले वेढे तापतात.

सी-६०४: दुसऱ्यांदा पडला तो मात्र शेजारचा, टेस्ट बटणवाला आरसीसीबी. तो भाराने पडत नाही, वीज ओलीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गळली की पडतो. ३० मिलिअँपिअर पुरतात. मांडवातला एक्स्टेंशन बोर्ड ओल्या फरशीवर उताणा होता. कोणीतरी खटका वर राहावा म्हणून त्यात आइस्क्रीमची काडी खोचली होती. काडीने तो थांबत नाही, आतून सुटतोच. आणि थांबला असता तर आज पंचाईत झाली असती. बोर्ड खांबाला छातीच्या उंचीवर, तोंड खाली करून बांधा. वायर बोर्डाच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोळावरून गळेल, पिनेत जाणार नाही.

बी-४०५: माईकचं सोपं आहे. दोन्ही स्पीकर बोलणाऱ्याच्या पाठीमागे होते, त्यांचा आवाज परत माईकमध्ये शिरत होता. स्पीकर बोलणाऱ्याच्या पुढे, तोंड लोकांकडे. माईक ओठांपासून दोन-तीन बोटांवर. जाळी मुठीत धरायची नाही, आज प्रत्येक पाहुण्याने धरली होती. हात लांब धरून बोललं की ऑपरेटर आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू. लॅपटॉप लावल्यावर जी घूं येत होती ती चार्जरची. चार्जर काढा, बॅटरीवर चालवा.

बी-४०५: आणि दिंडी समोर आली की आपला स्पीकर बंद. रेकॉर्डवरचे अभंगसुद्धा बंद. त्यांचा टाळ-मृदंग चालू असताना आपण वरून वाजवणं बरं नाही.

ए-१०४: चहा. दूध खराब नव्हतं, पहिली दोन पातेली त्याच दुधाची होती. तिसऱ्यात आलं विसरलं म्हणून दूध कोमट असतानाच वरून किसून टाकलं. कच्चं आलं दूध फाडतं. आलं पाण्यात आधी खळखळून उकळायचं, मग साखर, मग पावडर, आणि दूध वेगळं तापवून शेवटी. शिवाय त्या पातेल्यात आधी लिंबू सरबत केलं होतं, नुसतं विसळून चालत नाही.

ए-१०४: ३०० कप, ८० मिलीचे, म्हणजे २४ लिटर. एकदम करू नका, ८ लिटरची तीन पातेली. एका पातेल्याला साधारण ४ लिटर दूध, साडेचार लिटर पाणी, पावणेदोनशे ग्रॅम पावडर, ६५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम आलं. पावडर पाच मिनिटांत गाळून काढा, नाहीतर थर्मासमध्ये कडू होतो.

डी-५०३: हे सगळं ठीक, पण उद्या एकादशी आहे. २० किलो पोहे कोणाला खाऊ घालणार?

ए-३०२ (सचिव): अरे देवा. आप्पा, हे आधी बोलला असतात तर!

डी-५०३: कालनिर्णय प्रत्येकाच्या घरात आहे. पालख्या बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच पुण्यातून निघतात. पोह्यांची पोती फोडली नसतील तर परत करा.

ई-३०१: मग साबुदाण्याची खिचडी?

ए-१०४: ३०० जणांना २३-२४ किलो साबुदाणा आणि १२ किलो दाण्याचं कूट लागेल. तो रात्रीच भिजवावा लागेल, तोही परातीत पसरून. खोल पातेल्यात भिजवला की तळाचा लगदा होतो. एवढ्या पराती आहेत का आपल्याकडे?

डी-५०३: खिचडी नको. माऊलींच्या पालखीला दिवे घाट चढून सासवड गाठायचंय, तुकोबांची लोणी काळभोरला जाते. दिंडी रांगेत चालते, माणूस द्रोण घेऊन उभा राहिला की रांग तुटते. चालता चालता खाता येईल तेच द्या. २५ डझन केळी, ३०० राजगिऱ्याचे लाडू. लाडू कागदात गुंडाळलेले घ्या, सुटे हातात चुरतात. केळ्यांच्या सालींसाठी डबे पन्नास पावलं पुढे ठेवा, टेबलाशी नाही. साल तिथे गेल्यावर हातात उरते.

बी-४०५: आप्पांचं बरोबर. पाणी?

सी-६०४: २० लिटरच्या जारमध्ये २०० मिलीचे १०० ग्लास. माणशी दोन धरले तर ६ जार, ८ ठेवा. बाटल्या नकोत.

ई-३०१: मोबाईल चार्जिंगचा बोर्डही लावू या का? लोड येईल?

सी-६०४: ३० मोबाईल म्हणजे ५००-६०० वॅट, काही नाही. गोंधळ लोडचा होत नाही, मोबाईल बदलण्याचा होतो. मोबाईलवर आणि माणसाच्या हातात एकाच नंबरची चिकटपट्टी लावा.

ए-३०२ (सचिव): पोहे परत, लाडू आणि केळी डी-विंग बघेल. टँकर आज रात्रीच भरून घेतोय, सकाळी रस्ता बंद असेल. ज्यांना ऑफिस गाठायचंच आहे त्यांनी गाडी आत्ता मागच्या गल्लीत नेऊन लावा.

डी-२०१: मांडवाच्या ताडपत्रीत पाणी साठून पोट आलंय.

सी-६०४: भोक पाडू नका, फाटत जाईल. खालून बांबूने उचलून एका कडेला ढकला आणि त्या बाजूची दोरी फूटभर खाली बांधा. आधी खालचा बोर्ड बंद करा.