मातीच्या धरणाच्या खालच्या उतारावर ओल, पाइपाशेजारून पाणी. काय करावं?

बांधावरून (प्रश्न)

मंडळी, आमच्या खाजगी जमिनीवर एक मातीचं धरण आहे. खोल भागात उंची साधारण ८ मीटर, लांबी १४० मीटरच्या आसपास. मागच्या पिढीनं बांधलेलं, नकाशा नाही, आत गाभा कसला भरलाय तेही माहीत नाही.

यंदा तलाव भरल्यापासून खालच्या उतारावर, पायथ्याच्या थोडं वर, ओलसर पट्टा उमटलाय. तिथलं गवत जास्त हिरवं आहे, पाय ठेवला की रुततो. त्याच्या खालीच तलावातून येणारा जुना लोखंडी पाइप बाहेर पडतो आणि पाइपाच्या बाहेरच्या अंगानं, मातीतून पाणी येतंय. व्हॉल्व्ह पाइपाच्या खालच्या तोंडाशी आहे. सांडव्यात, म्हणजे तलावाचं जादा पाणी जायच्या वाटेत, झुडपं माजलीत, माथ्यावर दोन मोठी झाडं आहेत.

ओढ्याकाठी खाली तीन घरं आहेत, लहान मुलं आहेत तिथे. मला रात्री झोप लागत नाही. एकजण म्हणतो ओल्या जागेवर चिकणमाती चोपून टाक, दुसरा म्हणतो पाइपाभोवती सिमेंट भर. कुणाचं ऐकू?

पाणकळा

घाबरू नका. मातीचं धरण थोडंफार झिरपतंच. आमच्या बांधाच्या पायथ्याशी कित्येक वर्षं पाणी येतंय, नितळ, भरल्या तलावाला जास्त, उन्हाळ्यात बंद. काही झालं नाही.

जुना धरणकरी

पाणकळा म्हणतात ते त्यांच्या बांधापुरतं खरं असेल. नितळ पाणी, ठरावीक जागा, तलावाच्या पातळीबरोबर कमीजास्त होणं, ही बरी लक्षणं. पण इथे पाइपाशेजारून पाणी येतंय, ती गोष्ट वेगळी.

आधी ते दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. खालच्या बाजूनं पाणी कोंडायचं नसतं. तोंड बुजवलं की पाणी बांधातच साचतं, आतली पातळी चढते, उतार भिजून घसरतो किंवा पाणी भलतीकडून फुटतं. चिकणमातीचं काम पाण्याकडच्या बाजूला. खाली पाण्याला वाट द्यायची आणि मातीचा कण अडवायचा: मातीला लागून स्वच्छ वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगडांचं वजन. याला आम्ही उलटी गाळणी म्हणायचो. वाळू कुठली चालेल ते बांधाच्या मातीवर ठरतं, म्हणून हे भूतंत्रज्ञ, म्हणजे मातीच्या कामातल्या, अभियंत्याकडूनच करून घ्या.

आता पाइप. व्हॉल्व्ह खालच्या टोकाला असल्यामुळे तो बंद असताना बांधाच्या पोटातला सगळा पाइप तलावाच्या दाबाखाली असतो. जुनं लोखंड गंजून भोक पडलं की पाणी थेट मातीत घुसतं. शिवाय पाइपाच्या बुडाखाली माती नीट चोपली जात नाही, तिथे मुळातच पोकळी राहते. पाण्याबरोबर माती जायला लागली की आत नळीसारखी वाट तयार होते आणि ती मागे तलावाकडे सरकत जाते. बाहेरून बराच काळ काही दिसत नाही आणि मग फार थोडा वेळ उरतो. अमेरिकेतलं टीटन धरण ५ जून १९७६ रोजी फुटलं, तेही पहिल्यांदाच भरत असताना. सकाळी गढूळ पाझर दिसला होता, दुपारी बाराच्या आत माथा कोसळला. ते ९० मीटरच्या वरचं धरण होतं. ८ मीटरच्या बांधाला किती वेळ मिळेल याचा विचार करा.

म्हणून आजच पाइपाशेजारचं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी गाळ बसतो का बघा. १० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, सोबत तलावाची पातळी लिहा. रोज.

कायद्याच्या बाजूनं

धरण लहान आहे, खाजगी आहे म्हणून जबाबदारी लहान होत नाही. इंग्लंडमधल्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात (१८६८) खाजगी तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं होतं. मालकाची स्वतःची हयगय नव्हती, काम कंत्राटदारांनी केलं होतं, तरी भरपाई त्याच्यावरच आली.

सांडव्याकडे लक्ष द्या. हवाई बेटांवरचं का लोको हे खाजगी मातीचं धरण १४ मार्च २००६ रोजी फुटून ७ माणसं गेली. सांडवा बुजवला गेला होता का, हाच पुढे वादाचा मुख्य मुद्दा झाला.

बांधावरून

बाटलीच्या तळाशी बारीक गाळाचा थर बसलाय. तलावाची पातळी तेवढीच आहे, पण बादली काल ४० सेकंदांत भरत होती, आज ३१ सेकंदांत भरली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून तलाव रिकामा करू का? झाडंही उपटून टाकतो.

जुना धरणकरी

पातळी तीच, प्रवाह वाढलेला आणि गाळ येतोय. आता वाट बघायची नाही. तलाव उतरवा, पण त्या पाइपावर भिस्त ठेवू नका, दोष त्याच्यातच असू शकतो. पंप किंवा सायफन लावा, आणि बाहेर पडणारं पाणी उतारावर न सोडता पायथ्याच्या पुढे ओढ्यात न्या. एरवी दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवू नये म्हणतो, कारण पाणी झपाट्यानं गेलं की पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो. पण प्रवाह असाच वाढत राहिला तर तो धोका पत्करून जोरात उतरवा.

सांडव्यातली झुडपं आज काढा, राडारोडा तिथे ठेवू नका. माथ्यावरची मोठी झाडं मात्र उपटू नका. मुळांबरोबर बांधाचा लचका निघतो, आणि नुसती तोडली तरी मुळं कुजून पोकळी होते. तलाव उतरल्यावर बुंधा काढून खड्डा थराथरानं चोपून भरायचा असतो.

आणि हे सगळं करायच्या आधी त्या तीन घरांत जा. पाणी गढूळ झालं किंवा माथा खचला तर कुठल्या उंचावर जायचं ते दाखवा, रात्री हाक कोण देणार ते ठरवा. प्रशासनाला फोन करा आणि लेखीही कळवा. अंधार पडायच्या आत बांधावर माणूस बसवा, पण पायथ्याशी नाही, कडेच्या पक्क्या जमिनीवर. उद्याची बादली किती सेकंदांत भरली ते इथे लिहा, मी बघतोय.