हेडसेट घातलेल्या माणसाशी समोरच्याने बोलावे कसे?

प्रश्न
मी घरी रोज तासभर व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट वापरतो. परवा आई चहाचा कप घेऊन बराच वेळ शेजारी उभी होती. रंगीत पासथ्रू (कॅमेऱ्यांतून बाहेरचे दृश्य आत दाखवणारी सोय) चालू असल्यामुळे मला ती स्पष्ट दिसत होती, पण हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. शेवटी तिने विचारले, "तुला मी दिसतेय का रे?" तेव्हा मला फार अपराधी वाटले. चारचौघांत हेडसेट खटकू नये, यासाठी त्याच्या रचनेत नेमके काय बदलायला हवे?

उत्तर १
आपल्या आईंचा प्रश्न ॲपलने व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये (विक्री फेब्रुवारी २०२४ पासून) गांभीर्याने घेतला. बाहेरच्या पडद्यावर वापरणाऱ्याचे डोळे दिसतात, तो आभासी दृश्यात पूर्ण गुंतलेला असेल तर त्याऐवजी रंगांची झाक दिसते आणि कोणी जवळ येऊन बोलू लागले की ती व्यक्ती वापरणाऱ्याला त्या दृश्यातूनच हळूहळू दिसू लागते. ही शेवटची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. डोळे मात्र आधी केलेल्या स्कॅनवरून रचलेले चित्र असते. ते अंधुक दिसते आणि त्या पडद्यामुळे उपकरणाचा भार वाढतो तो वेगळाच.

उत्तर २
डोळे दिसणे पुरेसे नाही, असे माझे ठाम मत आहे. गूगल ग्लास या कॅमेरा असलेल्या स्मार्ट चष्म्यात वापरणाऱ्याचे डोळे उघडेच होते, तरीही सिॲटलमधील एका बारने २०१३ मध्येच त्या चष्म्याला प्रवेशबंदी केली. चित्रीकरण चालू आहे की नाही हे दाखवणारा स्वतंत्र दिवा त्यावर नव्हता आणि समोरच्याला सतत धास्ती वाटे. २०२३ च्या रे-बॅन मेटा चष्म्यात चित्रीकरणाच्या वेळी पांढरा दिवा लागतो, आणि तो झाकलेला असेल तर चष्मा चित्रीकरण सुरूच करत नाही. समोरच्याचा विश्वास वापरणाऱ्याच्या सज्जनपणावर न सोडता यंत्रातच बांधून घेतला, ही खरी रचना, आणि प्रत्येक हेडसेटला ती सक्तीची असावी.

उत्तर ३
मायक्रोसॉफ्टचे होलोलेन्स २ (२०१९) हे व्हीआरचे नव्हे, तर समोरच्या खऱ्या दृश्यावर आभासी चित्रे दाखवणारे उपकरण असले, तरी त्याची पुढची काच हेल्मेटच्या काचेसारखी वर उचलता येते. दुचाकीस्वाराने काच वर केली की तो आता आपल्याशी बोलणार, हे कोणालाही शिकवावे लागत नाही.

प्रश्नकर्ता
माझ्या हेडसेटची काच उचलता येत नाही, त्यामुळे कालपासून आईची चाहूल लागताच मी तो काढून मांडीवर ठेवतो.