मस्जिद बंदर परिसरात आईला पायी फिरवायचे आहे, मार्गाबाबत मदत हवी आहे

सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली उभारलेले बेने इस्रायली (कोकणातील ज्यू) समाजाचे शार हारहमीम सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), मुंबादेवीचे मंदिर आणि जुम्मा मशीद ही तिन्ही ठिकाणे माझ्या सत्तरीतल्या आईला एकाच सकाळी दाखवायची आहेत, कारण अत्तराची काडी आधी मनगटावर टेकवून मगच भाव सांगणाऱ्या या गल्ल्यांतली मुंबई मला सर्वांत आपली वाटते.

शनिवारी शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) आणि शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी असल्याने बुधवार ठरवला आहे. नकाशावर अंतर किरकोळ दिसते, परंतु मी स्वतः जाऊन पाहिले तेव्हा हातगाड्या आणि हमालांच्या वर्दळीत गुडघेदुखीच्या माणसाला टेकायला जागा आढळली नाही, आणि टॅक्सीवाले आतल्या गल्ल्यांत यायला तयार नव्हते. सिनेगॉगचे दारही त्या वेळी बंद होते. आईला सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही आणि रेल्वेपुलाचे जिने शक्यतो टाळायचे आहेत. खर्चाची अडचण नाही.

तेव्हा टॅक्सीने नेमके कोठे उतरावे, गर्दी वाढण्यापूर्वी किती वाजता पोहोचावे, वाटेत बसून चहा घेता येईल असे ठिकाण कोणते आणि सिनेगॉग आतून पाहण्याची परवानगी कोणाकडे मागावी?