सर्व्हेत सगळेच कॉलम आकड्यांचे, मग व्हेरिएबलचा टाईप ओळखायचा कसा?

घणसोली_स्लो
नमस्कार मंडळी, एफवाय बीएमएसला आहे, कॉलेज वाशीला. स्टॅट्सच्या प्रोजेक्टसाठी आम्ही ट्रान्स हार्बरच्या (ठाण्याहून नवी मुंबईला येणाऱ्या लोकलच्या) प्रवाशांकडून गुगल फॉर्म भरून घेतला, शीट तयार आहे पण मॅडम म्हणतात आधी प्रत्येक कॉलमपुढे व्हेरिएबलचा टाईप लिहा, मगच ग्राफला हात लावा. डेफिनिशन पाठ आहेत हो, पण आमच्याकडे बघावं तिथे आकडेच. सेक्टर, पिनकोड, वय, रोजची गाडी किती वाजताची, स्टेशनबाहेर रिक्षाला किती मिनिटं थांबता, कितव्या मजल्यावर राहता, आणि स्टेशनच्या स्वच्छतेला १ ते ५ रेटिंग. मग सगळंच क्वांटिटेटिव्ह, म्हणजे मोजमापाचं ना? ग्रुपमध्ये यावरून भांडणं चालू आहेत, शुक्रवारी सबमिशन, प्लीज कोणीतरी सांगा.

कोपरीकर
नाही रे. आकड्याकडे बघू नको, त्याच्यावर केलेल्या हिशोबाला काही अर्थ उरतो का ते बघ. ऐरोलीचा पिन ४००७०८, वाशीचा ४००७०३, वजा केले तर ५ येतात, पण पाच काय? किलोमीटर, स्टेशनं, काहीच नाही. म्हणजे ते नुसतं नाव आहे, आकड्यात लिहिलेलं, त्याला नॉमिनल म्हणायचं. सेक्टरचंही तेच, एक्सेलला सांगितलंस तर तो सेक्टरचा ॲव्हरेज ११.४ काढून देईल, त्याचं काय जातंय. आणि हो, नोड, म्हणजे वाशी, बेलापूर असा नवी मुंबईतला भाग, विचारलाय ना फॉर्ममध्ये? सेक्टर १५ वाशीतही आहे आणि बेलापूरलाही, नुसत्या १५ वरून काही कळणार नाही.

आता गाडीची वेळ आणि थांबायची मिनिटं, दोन्ही घड्याळातलीच पण टाईप वेगळा. १० मिनिटं थांबणारा ५ मिनिटंवाल्याच्या दुप्पट थांबतो, आणि ० मिनिटं म्हणजे खरंच थांबला नाही, तो झाला रेशो. पण ८ वाजताची गाडी ४ वाजताच्या गाडीच्या 'दुप्पट' नसते, दोघींत ४ तासांचा फरक आहे एवढंच बोलता येतं, तो इंटरव्हल. पुस्तकात सेल्सिअसचं उदाहरण असतं ना, ४० डिग्री म्हणजे २० च्या दुप्पट गरम नाही, तेच इथे.

हिरानंदानी_नाही_पातलीपाडा
मजल्याचं मी सांगते. वरवर रेशो वाटतो पण आमच्या घोडबंदर रोडला ये, खाली चार-पाच पोडियम पार्किंगचे आणि त्याच्यावर 'पहिला मजला', काही टॉवरमध्ये १२ नंतर थेट १४, बिल्डरला १३ चालत नाही. म्हणजे दोन वेगळ्या बिल्डिंगमधले दहावे मजले एका उंचीवर असतीलच असं नाही. मी तरी ऑर्डिनल लिहीन, वर कोण खाली कोण एवढाच क्रम, तोही एकाच बिल्डिंगपुरता. खरं तर या प्रोजेक्टला मजला कशाला लागतो हेच कळलं नाही.

आकडेमोड
नॉमिनल, ऑर्डिनल, इंटरव्हल, रेशो ही चौकडी एस. एस. स्टीव्हन्सची, १९४६ मध्ये सायन्स मासिकात आलेली. तो संख्याशास्त्रवाला नाही, सायकॉलॉजीवाला होता, आणि त्याच्या यादीवर आजही वाद आहेत, त्यामुळे ग्रुपमध्ये भांडलात तर फार मनावर घेऊ नका. रेटिंग ऑर्डिनल लिहा आणि मीडियन (सगळी उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) द्या, सरासरी नको. १ वरून २ वर येणं आणि ४ वरून ५ वर जाणं सारखंच आहे असं कोणी सांगितलं?

कोपरीकर
@आकडेमोड तत्त्व ठीक आहे पण मीडियनने निम्मी माहिती जाते. दोन स्टेशनांचा मीडियन ३ च आला तर काय बोलणार? कंपन्यांच्या रिपोर्टात सर्रास सरासरीच असते.

आकडेमोड
सर्रास असते म्हणून बरोबर होत नाही :) मीडियन सारखा आला तर १ ते ५ प्रत्येकाला किती टक्के लोकांनी निवडलं त्याचा बार चार्ट लावा, एका स्टेशनला सगळे ३ आणि दुसऱ्याला अर्धे १ अर्धे ५ असला प्रकार लगेच दिसतो. सरासरी दोन्हीकडे ३ च दाखवेल.

घणसोली_स्लो
भारी, थँक्यू सगळ्यांना! मजला उडवतोय, नोडचा कॉलम आहे. वयाचं राहिलं, डिस्क्रीट की कंटिन्युअस? आम्ही पूर्ण झालेली वर्षं विचारलीत.

हिरानंदानी_नाही_पातलीपाडा
वय मुळात कंटिन्युअस, म्हणजे मधली कुठलीही किंमत असू शकते, तुम्ही पूर्ण वर्षात नोंदवलंय म्हणून डिस्क्रीटसारखं दिसतं. कंटिन्युअस लिही, कंसात 'पूर्ण वर्षांत नोंद' टाक आणि हिस्टोग्राम काढ, खांब एकमेकांना चिकटलेले हवेत. खरं डिस्क्रीट म्हणजे घरात माणसं किती, साडेतीन माणसं कोणी लिहीत नाही. आणि वयाचे १८-२५, २६-३५ असे गट केलेत तर तो कॉलम ऑर्डिनल होतो, म्हणून मूळ वयाचा कॉलम डिलीट करू नका, वयावरून गट कधीही पाडता येतात, गटावरून वय परत मिळत नाही.