नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी आय-८६४ : काकांची सही घ्यावी का?

साताऱ्याची_लेक :

नमस्कार मंडळी. आठ दिवस एकाच फॉर्मवर अडकले आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी न्यू जर्सीत एडिसनला काकांच्या घरी आईबरोबर राहते. काकांनीच बाबांची पिटिशन केली होती. बारा-तेरा वर्षं नंबर लागायची वाट पाहून आम्ही तिघं इथं आलो, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बाबा पुढं चार वर्षांनी गेले. २०२२ मध्ये मी सिटिझन झाले, आईकडे अजून ग्रीन कार्डच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साताऱ्यात माझं लग्न झालं. जानेवारीत परत येऊन नवऱ्यासाठी आय-१३० (त्याला इथं आणण्याची पिटिशन) भरला, तो आता मंजूर होऊन केस एनव्हीसीकडे, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे आली आहे. १२० आणि ३२५ डॉलरच्या दोन्ही फिया भरून झाल्या.

आता गाडी आय-८६४ वर, म्हणजे नवऱ्याच्या खर्चाची हमी देणाऱ्या एफिडेव्हिट ऑफ सपोर्टवर येऊन थांबली आहे. २०२४ मध्ये मी फार्मसी टेक्निशियनचा कोर्स करत होते, जोडीला अर्धवेळ काम. त्या वर्षीच्या रिटर्नवर माझं उत्पन्न फक्त १४,९०० डॉलर दिसतं. फेब्रुवारी २०२५ पासून पूर्णवेळ नोकरी आहे, तासाला साडेअठरा डॉलर, आठवड्याला चाळीस तास. आईला मी रिटर्नमध्ये डिपेंडंट दाखवते.

काकांना विचारलं तर म्हणाले, "आण इकडे, आत्ता करतो सही." पण परवा रात्री काकी पोळ्या लाटत होती आणि मी ओट्यापाशी उभी राहून तिला फॉर्मचा करारनाम्याचा भाग वाचून दाखवत होते. घटस्फोट झाला तरी जबाबदारी संपत नाही, हे वाक्य आलं आणि तिचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी हे रिटायर होतायत गं. जावई चांगलाच आहे, पण हे कागद आपल्यापेक्षा जास्त जगतात." तेव्हापासून मला काकांपुढे तो फॉर्म ठेववत नाही. या माणसानं आमच्या अख्ख्या घराचं ओझं एकदा उचललंय.

तिकडे साताऱ्यातल्या एका एजंटानं नवऱ्याला सांगितलंय की आय-१३४ भरा आणि कुणाकडून तरी पंधरा लाख महिनाभर खात्यात फिरवून घ्या. नवऱ्याची स्वतःची नऊ लाखांची एफडी आहे, कोरेगावला तीन एकर जमीन आहे, पण ती सासऱ्यांच्या नावावर. यातलं काय चालतं? काकांच्या सहीशिवाय माझं होईल का?

डलासकर :

ताई, आधी ते पंधरा लाख डोक्यातून काढा. बँकेतली रक्कम दाखवायची तर मागच्या बारा महिन्यांची जमा-नावे द्यावी लागते, खातं कधी उघडलं तेही. महिन्यापूर्वी आलेली मोठी रक्कम सरळ डोळ्यांत भरते आणि ती कुठून आली याला खरं उत्तर नसतं. नवऱ्याला मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये खिडकीपुढे उभं राहून बोलायचं आहे. त्याच्या तोंडी खोटं घालू नका. आणि आय-१३४ हा मंगेतर व्हिसावाल्यांचा फॉर्म, लग्न झालेल्यांना आय-८६४ च.

आता तुमचा हिशोब. माणसं मोजा : तुम्ही, नवरा आणि डिपेंडंट म्हणून आई, म्हणजे तीन. या फॉर्मसाठी सरकारी दारिद्र्यरेषेच्या (पॉव्हर्टी गाइडलाइन) १२५ टक्के उत्पन्न लागतं, आणि २०२५ च्या गाइडलाइनप्रमाणे तिघांसाठी ती रक्कम ३३,३१२ डॉलर होते. तुमचा पगार साडेअठरा गुणिले चाळीस गुणिले बावन्न, म्हणजे ३८,४८०. तुम्ही आजच रेषेच्या वर आहात!

फॉर्ममध्ये चालू वार्षिक उत्पन्न आणि मागच्या रिटर्नवरचं उत्पन्न हे दोन वेगळे रकाने आहेत. पात्रता चालू उत्पन्नावर ठरते. मागचा आकडा कमी आहे म्हणून अधिकारी जास्त पुरावा बघणार, एवढंच. तेव्हा एचआरकडून पत्र घ्या : कधीपासून नोकरी, पद कोणतं, पूर्णवेळ, तासाचा दर. सोबत सहा महिन्यांच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या) जोडा. त्यावर वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज छापलेली असते, अधिकाऱ्याची नजर तिथंच जाते. कोर्सचं सर्टिफिकेटही लावा, म्हणजे गेल्या वर्षी पगार कमी का होता ते आपोआप कळतं.

जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे ती मोजलीच जात नाही. नवऱ्याच्या नावावर असती तरी शेतजमीन आपल्याकडे शेतकऱ्यालाच विकता येते, वर्षाच्या आत तिचे पैसे होतील हे पटवताना नाकी नऊ येतात. एफडी चालते, कारण ज्याला आणायचं त्याची स्वतःची मालमत्ता धरता येते. सिटिझनच्या जोडीदारासाठी कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट मालमत्ता लागते. फक्त जुना १४,९०० चा आकडा धरला असता तर ५५,२३६ डॉलर दाखवावे लागले असते, तिथं नऊ लाख कुठंच पुरले नसते. पण आता ती एफडी आधाराला म्हणून जोडून द्या.

मेघा_फ्रीमाँट :

डलासकरांनी पगाराचं बरोबर सांगितलं. मला दुसरीच काळजी वाटते. लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं ना? मग २०२३ आणि २०२४ चे रिटर्न कोणत्या स्टेटसवर भरले? ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर त्या अख्ख्या वर्षासाठी विवाहितच. नवरा भारतात आहे, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून आपल्यातल्या कितीतरी मुली 'सिंगल' वर टिक करतात. मीही केली होती. एका बाजूला विवाह प्रमाणपत्र, दुसऱ्या बाजूला आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे रिटर्नच्या उताऱ्यावर 'सिंगल'. माझ्या नवऱ्याला मुलाखतीत पहिला प्रश्न तोच आला, आणि कागद दुरुस्त करून पुन्हा पाठवण्यात आमचे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत माझे सासरे गेले, आणि आम्ही दोघं एकमेकांजवळ नव्हतो. म्हणून पोटतिडकीनं सांगते.

चूक झाली असेल तर १०४०-एक्स (रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म) भरून दोन्ही वर्षं दुरुस्त करा. 'मॅरिड फायलिंग सेपरेटली' (विवाहित, पण रिटर्न वेगळा) करताना नवऱ्याच्या नंबराच्या जागी 'एनआरए' (नॉन-रेसिडेंट एलियन) लिहिलं की चालतं. एकत्र भरायचं तर त्याच्यासाठी आयटीआयएन (टॅक्सपुरता नंबर) काढावा लागेल आणि त्याचा भारतातला पगारही दाखवावा लागेल. एक मात्र लक्षात घ्या : तुम्ही शिकत होता, शिक्षणाचं टॅक्स क्रेडिट घेतलं असेल तर ते सेपरेटलीमध्ये मिळत नाही, तेवढे पैसे परत भरावे लागतील. टॅक्सवाल्याकडून दोन्ही पर्याय मांडून घ्या. दुरुस्तीची प्रत आणि जुनं ट्रान्स्क्रिप्ट, दोन्ही केसला लावा.

कऱ्हाडचे_मामा :

बाळ, मी ह्यूस्टनला असतो. २०१६ मध्ये भाचीच्या नवऱ्यासाठी जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे तिच्या जोडीनं हमी देणारा, म्हणून सही केली होती. तुझ्या काकीची भीती खरी आहे, तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगून गप्प करू नकोस. ज्याच्यासाठी सही केली तो सिटिझन होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर कामाचे चाळीस क्वार्टर (तिमाह्या), म्हणजे साधारण दहा वर्षं जमा होईपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडून जाईपर्यंत किंवा वारेपर्यंत ती जबाबदारी राहते. घटस्फोटानं ती सुटत नाही.

काका एकाच घरात राहतात म्हणून छोट्या आय-८६४ए वर (घरातल्या माणसानं आपलं उत्पन्न जोडून देण्याचा फॉर्म) सही करून भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्या फॉर्मसाठी नातं नवरा-बायको, आईवडील, मुलं किंवा भावंडं एवढंच धरतात. चुलता त्यात बसत नाही. त्यांना पूर्ण वेगळा आय-८६४ भरावा लागेल, आणि तरी तुझा स्वतःचा लागेलच. शिवाय त्यांनी तुमच्या तिघांसाठी पूर्वी सही केलेली आहे. तू सिटिझन झालीस, वडील गेले, तुम्हा दोघांची जबाबदारी संपली. पण आई अजून ग्रीन कार्डवर आहे, तिचे चाळीस क्वार्टर झाले नसतील तर ती काकांच्या हिशोबात आजही मोजली जाते. काका, काकी, आई, जावई असे चार धरले तरी २०२५ च्या गाइडलाइनप्रमाणे ४०,१८७ डॉलर लागतात. रिटायर झाल्यावर पेन्शनमध्ये तेवढे बसतील का, ते त्यांनाच ठाऊक.

माझं मत विचारशील तर तुझ्या एकटीच्या पगारावर फॉर्म टाक. अधिकाऱ्यानं मागितलंच तर जॉइंट स्पॉन्सर नंतरही देता येतो, केस तेवढ्यानं मरत नाही, लांबते. तेव्हा काकांकडे जा. आणि त्या वेळी काकीलाही समोर बसवून विचार.

साताऱ्याची_लेक :

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. मेघाताई, तुमच्या सासऱ्यांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. उठून रिटर्न काढले. दोन्ही वर्षांवर 'सिंगल'च आहे, आणि २०२४ मध्ये शिक्षणाचं क्रेडिटही घेतलंय. शनिवारी सकाळी दहाला टॅक्सवाल्याकडे वेळ मिळाली आहे. एचआरला आज मेल केली, शुक्रवारपर्यंत पत्र देते म्हणाल्या. नवऱ्यानंही एजंटाला नको म्हणून कळवलं.

मामा, आईनं इथं कधी नोकरी केलीच नाही, म्हणजे ती अजून काकांच्याच नावावर आहे. हे काकांना स्वतःलाही माहीत नव्हतं. तुमचं उत्तर मी काकीला वाचून दाखवलं. तिनं चष्मा लावून ते पुन्हा स्वतः वाचलं, चाळीस क्वार्टर म्हणजे किती महिने ते बोटांवर मोजलं, आणि मग म्हणाली, "तुझ्या पगारावर नाहीच झालं तर मला सांग. मी त्यांच्याशी बोलेन."