मदत हवी आहे: 'द प्रपोजल'मधल्या मार्गारेटला शेवटी अमेरिकेत राहू कसं देतात?

नमस्कार मंडळी. (सिनेमाचा शेवट खाली उघड होतोय, पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

आमच्या धरमपेठेतल्या चित्रपट मंडळात येत्या रविवारी 'द प्रपोजल' (2009) दाखवणार आहोत, नंतरची चर्चा माझ्याकडे आहे. इथे बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत असल्यामुळे एच-वन-बी आणि ग्रीन कार्ड लोकांना पाठ आहे. "असं कुठं होते का बाप्पा!" हा प्रश्न येणारच, म्हणून तयारीनं जायचंय.

खरी अडचण लग्नाच्या प्रसंगाची आहे. सँड्रा बुलकची मार्गारेट मूळची कॅनडाची, न्यूयॉर्कच्या प्रकाशन संस्थेत मुख्य संपादक. हद्दपारी टाळायला ती आपल्या सहायकाला, अँड्र्यूला, लग्नाला उभं करते. मग अलास्कात ऐन लग्नात सगळ्यांसमोर कबूल करते की हे खोटं आहे, मी त्याला धमकावलं. इमिग्रेशनचा गिल्बर्टसन समोरच बसलेला! लग्न लागलंच नाही, म्हणून खोट्या लग्नाची शिक्षा (पाच वर्षं कैद, अडीच लाख डॉलर दंड) टळली, हे पटतं. पण अमेरिकी कायद्यात 1986 पासून नुसता प्रयत्न किंवा कट केला तरी त्या व्यक्तीसाठी पुढचा अर्ज मंजूर होत नाही, आणि त्यातून सूटही नाही. मग अँड्र्यू ऑफिसात येऊन खरंखुरं मागणं घालतो, त्यानंतर तोच गिल्बर्टसन दोघांची मुलाखत घेतो, ती कशाच्या आधारावर? आधी दिलेला अर्ज 'प्रयत्न' धरला जातो की नाही, यावर सगळं अडलंय. या कायद्यात काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

दुसरं, ते दोघं अर्ज करतात तो वाग्दत्त वधूच्या व्हिसाचा. तो देशाबाहेर असलेल्या माणसासाठी असतो. ती तर न्यूयॉर्कमध्येच होती! उलट ती कॅनडात परत गेली असती तर हाच अर्ज बरोबर ठरला असता, फक्त मुलाखत तिकडच्या अमेरिकी वकिलातीत झाली असती. मला वाटतं लेखकाला हे माहीत असावं आणि गिल्बर्टसनची मजा सोडवली नाही. डीव्हीडीवर कापलेल्या दृश्यांत याचा काही खुलासा आहे का?

कॅनडाच्या लोकांसाठीचा टीएन हा कामाचा परवाना का नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे: तो ज्या व्यवसायांना मिळतो त्या यादीत ग्रंथपाल आणि तांत्रिक लेखक आहेत, पुस्तकांचे संपादक नाहीत.

आणि एक किरकोळ. अलास्कातलं सिटका म्हणून दाखवलेलं गाव खरं तर मॅसॅच्युसेट्समधलं रॉकपोर्ट आहे. मागचे डोंगर संगणकावर जोडल्याचं कोणत्या दृश्यात सहज लक्षात येतं? तिथे सिनेमा थांबवून दाखवायचा विचार आहे. मिनिटासकट सांगितलंत तर फार बरं होईल.