अमेरिकेतला फेडरल (केंद्रीय) जज कसा होतो? आपल्या जेएमएफसीसारखी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची) परीक्षा असते का?

प्रश्न: विधी_सोलापूर
एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुलनात्मक घटनेच्या विषयात टिपण लिहायचं आहे. आपल्याकडे एमपीएससीची परीक्षा, मग बढत्या. तिकडे काय करतात? नेमणूक तहहयात असते म्हणे, म्हणजे खरंच मरेपर्यंत? जाणकारांनी सांगा की.

सनदी
परीक्षा नाही, वयाची अट नाही. घटनेत कायद्याच्या पदवीचीही अट नाही. प्रत्यक्षात मात्र वर्षानुवर्षं वकिली, सरकारी वकिली किंवा राज्याच्या कोर्टातलं काम केलेलेच निवडले जातात.

राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात. एफबीआय चौकशी करते, उमेदवार सिनेटच्या (संसदेच्या वरच्या सभागृहाच्या) न्यायिक समितीची लांबलचक प्रश्नावली भरतो, सुनावणी होते आणि सिनेट साध्या बहुमताने मंजुरी देते. डिस्ट्रिक्ट कोर्टाची नावं बहुतेक वेळा अडतात ती समितीसमोर येण्याआधीच. त्या राज्याच्या सिनेटरांकडे संमतीची निळी चिठ्ठी पाठवायची प्रथा आहे. ती परत आली नाही तर नाव पडून राहतं आणि काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) मुदत संपली की राष्ट्राध्यक्षांकडे परत जातं. पुढे न्यायचं असेल तर नव्याने पाठवावं लागतं.

बढतीची शिडीही नाही. डिस्ट्रिक्ट जजला अपील कोर्टात जायचं तर पुन्हा नामनिर्देशन, पुन्हा सिनेट. बहुतेक जण नेमलेल्या कोर्टातच कारकीर्द पूर्ण करतात.

पक्षकार
‘तहहयात’ सरसकट लिहू नका. ते अमेरिकी घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाखालच्या न्यायाधीशांनाच लागू: 94 पैकी 91 डिस्ट्रिक्ट कोर्टं, 13 अपील कोर्टं, सर्वोच्च न्यायालय वगैरे. मॅजिस्ट्रेट जजना डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीशच 8 वर्षांसाठी नेमतात. दिवाळखोरी कोर्टाच्या जजना अपील कोर्ट नेमतं, मुदत 14 वर्षं.

तहहयात जजला काढायचं तर महाभियोगच. आजवर 15 फेडरल न्यायाधीशांवर तो चालला, सिनेटने दोषी धरून काढले 8. पदावर असताना पगारही कमी करता येत नाही.

विधी_सोलापूर
मग म्हातारपणी काम झेपत नसेल तर?

पक्षकार
त्यासाठी ‘सीनियर स्टेटस’ आहे. वय किमान 65, तहहयात पदावरची सेवा किमान 10 वर्षं आणि दोन्हींची बेरीज 80. म्हणजे 65 ला 15 वर्षं सेवा, 70 ला 10. पद रिकामं होऊन नवी नेमणूक होते. जुने जज कमी खटले घेऊन बसतात. साधारण पूर्णवेळ जजच्या चौथाईइतकं काम केलं की दरवर्षी तसा दाखला मिळतो. अमेरिकी व्यवस्थेतली मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद हीच. आपल्याकडे उच्च न्यायालयात 62 ला अनुभवी माणूस एका दिवसात बाहेर पडतो.

सनदी
टिपणात नावावरून फसू नका. फेडरल डिस्ट्रिक्ट जज म्हणजे आपले जिल्हा न्यायाधीश नव्हेत. बार्शीतला वाटपाचा दावा असो की केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा, आपल्याकडे उतरंड एकच. वर उच्च न्यायालय, सोलापूरसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. अमेरिकेत वाटप, घटस्फोट, साधी चोरी राज्याच्या कोर्टात जाते. फेडरल कोर्टात फेडरल कायद्याचे वाद, किंवा वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांमधले 75,000 डॉलरच्या वरचे दावे.

आपली बाजू लिहिताना जुन्या गाईडवर विसंबू नका. नव्या पदवीधराला थेट जेएमएफसी देता येते असं त्यांत असतं. 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुढच्या भरतीसाठी 3 वर्षं वकिलीची अट परत आली. ती वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात आणि लॉ क्लार्क (न्यायाधीशांचा सहायक) म्हणून केलेलं कामही धरतात. दाखला किमान 10 वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा, त्यावर तिथल्या प्रमुख न्यायाधीशांचा शेरा लागतो. तुम्हाला स्वतःला परीक्षा द्यायची असेल, तर निकाल लागताच नोंदणीचा अर्ज करा.